कॅम्परव्हॅनची मागची बॅटरी पुन्हा पुन्हा उतरते? बदलायच्या आधी हे मोजून बघा

पहाटेचे ४ वाजून १० मिनिटं. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर आओराकी म्हणजे माउंट कुकच्या पायथ्याशी व्हाइट हॉर्स हिल हा मुक्कामाचा तळ. बाहेर गवत दंवाने पांढरं झालेलं, आत आम्ही दोघं रजईत गुरफटलेलो आणि पायाशी फ्रीज टुं टुं टुं करतोय. जरा थांबायचा, पुन्हा टुं टुं. नवऱ्याने हीटरचं बटण दाबलं. पंखा दोन मिनिटं घरघरला आणि बंद पडला, पडद्यावर एररचा आकडा आला. दिवे मात्र लागत होते, थोडे पिवळट.

पुढच्या चार दिवसांत हेच आणखी दोनदा झालं. मध्ये एकदा व्हॅन भाड्याने देणाऱ्या कंपनीने बॅटरीही बदलून दिली, तरी झालं. ऑक्टोबरातल्या त्या प्रवासात मी जे शिकले ते सगळं इथे लिहिते आहे. व्हॅन घेऊन रानात मुक्काम करणाऱ्या कितीतरी जोडप्यांना हाच त्रास होतो आणि बहुतेक जण बॅटरीलाच दोष देऊन मोकळे होतात. दोष तिचा क्वचितच असतो. ती बिचारी पूर्ण भरतच नसते.

आधी आमच्या रात्री कशा गेल्या ते सांगते, कारण गोम त्यातच आहे. पहिली रात्र लेक टेकापोला पॉवर्ड साइटवर, म्हणजे गाडीला बाहेरून २३० व्होल्टची वीज जोडून. काही त्रास नाही. दुसरी रात्र व्हाइट हॉर्स हिल. हा डॉक या सरकारी संवर्धन खात्याचा तळ आहे, तिथे वीज नाही. पहाटे टुं टुं. तिसरी वानाकाला पॉवर्ड साइटवर, सगळं छान. चौथी क्वीन्सटाउनजवळ मोक लेकला, वीज नाही, पुन्हा पहाटे टुं टुं. पाचव्या दिवशी कंपनीने सांगितलेल्या गॅरेजात नवी बॅटरी बसवून मिळाली आणि ती रात्र आम्ही ते आनाउला पुन्हा पॉवर्ड साइटवर काढली. नवरा म्हणाला, "बघ, आता कसा गप्प आहे." सहावी रात्र मिलफर्ड रस्त्यावरच्या कॅस्केड क्रीकला. पहाटे पावणेपाचला टुं टुं.

वीज जोडली की बॅटरी रात्रभर भरत राहते आणि फ्रीज, दिवे सगळं त्यावर चालतं. त्यामुळे खरा बिघाड झाकला जातो. आमचा बिघाड टेकापोपासूनच होता. एकाड एक रात्र वीज मिळत होती म्हणून तो आम्हाला "कधीकधी होणारा" वाटला. तुमच्याकडेही असंच होत असेल तर कोणत्या रात्री वीज जोडली होती आणि कोणत्या पहाटे फ्रीज ओरडला हे एका कागदावर लिहून काढा. दोन रकान्यांतच अर्धं उत्तर दिसतं.

फ्रीज का ओरडतो

व्हॅनमध्ये दोन बॅटऱ्या असतात. एक इंजिन सुरू करायला, दुसरी मागच्या घरासाठी. फ्रीज, दिवे, पाण्याचा पंप, डिझेल हीटर, मोबाइलचे चार्जर हे सगळं मागच्या बॅटरीवर चालतं. १२ व्होल्टच्या कॉम्प्रेसर फ्रीजला ठरलेल्या पातळीखाली व्होल्टेज गेलं की तो स्वतःहून बंद होतो, म्हणजे बॅटरी पार मरत नाही. बऱ्याच फ्रीजमध्ये ही पातळी साधारण १०.४ व्होल्ट असते. कॉम्प्रेसर सुरू होताना एकदम जास्त प्रवाह ओढतो, त्या क्षणी व्होल्टेज खाली जातं, फ्रीज बंद पडतो. भार गेला की व्होल्टेज थोडं वर येतं, फ्रीज पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा पडतो. तीच ती टुं टुं. डिझेल हीटरचंही तसंच. पेटताना त्याच्या ग्लो प्लगला, म्हणजे इंधन पेटवणाऱ्या तापत्या कांडीला, दोन-तीन मिनिटं ८ ते १० अँपिअर लागतात, नंतर मात्र तो एक-दोन अँपिअरवर निवांत चालतो. म्हणून अर्धमेल्या बॅटरीवर दिवे लागतात पण हीटर पेटत नाही. हीटर बिघडला असं समजून त्याच्या मागे लागू नका.

पहाटेच का, तर रात्रभराचा खर्च तोवर साचलेला असतो. शिवाय थंडीत शिशाच्या बॅटरीची ताकद घटते, शून्य अंशाच्या आसपास जवळजवळ पाचवा हिस्सा कमी होते.

आमच्या एका रात्रीचा हिशेब मांडला तो असा. फ्रीज सरासरी दीड अँपिअर धरला तर १२ तासांत १८ अँपिअर-तास (अँपिअर गुणिले तास). हीटर ८ ते ९. दिवे, पंप, दोन मोबाइल मिळून ७-८. आणि ज्याकडे आमचं लक्षच नव्हतं तो इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीच्या १२ व्होल्टचे २३० व्होल्ट करणारा डबा. लॅपटॉप चार्ज करून झाल्यावर प्लग काढला, पण इन्व्हर्टरचं बटण तसंच चालू. काही न जोडताही तो जवळजवळ एक अँपिअर खात राहतो, म्हणजे रात्रभरात १० अँपिअर-तास सहज. बेरीज ४५ च्या आसपास. आमची बॅटरी १०० अँपिअर-तासांची एजीएम जातीची, म्हणजे शिशाचीच पण बंदिस्त, होती आणि अशी बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये. म्हणजे संध्याकाळी ती पूर्ण भरलेली असेल तरच रात्र निभते. संध्याकाळी ७० टक्के असेल तर पहाट गाठता येत नाही.

आता प्रश्न उरतो तो दिवसा ती का भरत नाही.

मोजायचं कसं

व्हॅनच्या पॅनेलवर बॅटरीचे चार दिवे असतात, त्यांच्या भरवशावर राहू नका. गाडी थांबवल्याबरोबर चारही हिरवे दिसतात, कारण इंजिन बंद केल्यावर काही वेळ बॅटरीवर वरवरचं व्होल्टेज राहतं. ते खोटं असतं. सकाळी उठल्यावर, हीटर आणि फ्रीज बंद करून, इंजिन सुरू करायच्या आधी मोजाल तो आकडा खरा. एजीएम बॅटरीला १२.७ किंवा वर म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी, ११.८ म्हणजे रिकामीच समजा. लिथियम बॅटरी असेल तर हे आकडे लागू नाहीत. तिचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतं, तिथे टक्केवारी दाखवणारा मॉनिटरच बघावा लागतो. आणि लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज होऊ नये म्हणून तिच्यातलं नियंत्रणच चार्जिंग अडवतं. गोठलेल्या सकाळी गाडी चालवूनही ती भरत नसेल तर हे कारण आधी तपासा.

व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर साधा, स्वस्तातला चालतो. आम्ही ते आनाउला घेतला. वेळ सात सकाळची, कॅस्केड क्रीकचा तळ, चहूकडे बीचच्या झाडांचं ओलं रान. मागच्या सीटखालचं झाकण उघडून मी बॅटरीला दोन्ही काड्या लावल्या: ११.४. नवऱ्याला इंजिन सुरू करायला सांगितलं. काड्या धरलेल्या, दोन्ही हात अडकलेले, आणि मनगटावर सँडफ्लाय बसून मजेत चावतायत. त्या इवल्या काळ्या माश्या बोटं हलेनात हे बघून आणखी जमल्या. पण मी काड्या सोडल्या नाहीत. आकडा बघत होते. ११.४. इंजिन चालू, तरी ११.४. नवऱ्याने जरा रेस दिली. ११.४.

मग पुढच्या बॅटरीला काड्या लावल्या. आमच्या व्हॅनमध्ये ती पुढच्या सीटसमोर, पायाखालच्या झाकणात होती. १४.२.

त्या दोन आकड्यांनी सगळं सांगितलं. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र, उत्तम चालू होता, पुढची बॅटरी भरत होती, पण मागे काहीच पोहोचत नव्हतं. वाटेत कुठेतरी तुटलं होतं. दोनशे किलोमीटर चालवा नाहीतर चारशे, मागची बॅटरी टिपूसभरही भरणार नव्हती. नवी बॅटरी बसवून काय होणार?

हा एकच प्रयोग करायला पाच मिनिटं लागतात. इंजिन चालू ठेवून मागच्या बॅटरीवर १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आकडा दिसला पाहिजे. बॅटरी खूप उतरलेली असेल तर सुरुवातीला थोडा कमी दिसेल, पण इंजिन सुरू होताच आकडा वर चढायला लागला पाहिजे. अजिबात हललाच नाही तर खाली वाचा.

वाटेत कुठे अडतं

पुढच्या बॅटरीपासून मागच्या बॅटरीकडे जाणाऱ्या जाड तांबड्या तारेवर दोन्ही टोकांना फ्यूज असतात आणि मध्ये एक रिले (आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) किंवा चार्जर असतो. मल्टिमीटरची काळी काडी गाडीच्या लोखंडी चासीला घट्ट लावा आणि तांबडी काडी त्या तारेवर एकेक टप्पा पुढे नेत जा. १४.२ जिथे गायब होईल तिथे दोष.

आमचा दोष पहिल्याच फ्यूजला निघाला. फ्यूज वरून बघायला शाबूत होता, पट्टी तुटलेली नव्हती. अलीकडच्या नटवर १४.२, पलीकडच्या नटवर ११.४. बोटाने हलवला तर नट डुगडुगला. ढिल्या जोडामुळे तिथे ठिणग्या पडून काजळी धरली होती, होल्डरचं प्लास्टिक एका बाजूला वितळून पिवळं पडलं होतं. डोळ्यांनी फ्यूज बघून "ठीक आहे" म्हणणं पुरेसं नसतं ते यासाठी. दोन्ही बाजूंना मोजायलाच हवं.

तिथे आमच्या मोबाइलला रेंज नव्हती, त्यामुळे कंपनीला विचारायची सोय नव्हती. इंजिन बंद केलं, किल्ली काढली, पान्याच्या मोकळ्या भागाला चिकटपट्टी गुंडाळली आणि नट आवळला. पट्टी गुंडाळल्याशिवाय हे काम करू नका. तांबड्या टोकावरचा पाना चुकून चासीला टेकला तर वेल्डिंगसारखी ठिणगी उडते आणि पाना तिथेच चिकटू शकतो. अंगठी, कडं, घड्याळ आधी काढून ठेवा. मग इंजिन सुरू केलं तर मागच्या बॅटरीवर १३.१, १३.३, असा चढत चढत १३.८. आम्ही दोघं त्या आकड्याकडे बघत उभे राहिलो. सहा दिवसांचं कोडं एका ढिल्या नटात होतं.

तरी त्या वितळलेल्या होल्डरवर विसंबून पुढे गेलो नाही. मिलफर्ड साउंड बघून ते आनाउला परतताना मध्ये थांबून दोनदा हात लावून तो गरम होतोय का ते पाहिलं. परत आल्यावर कंपनीला आकड्यांसकट कळवलं आणि ऑटो इलेक्ट्रिशियनने होल्डर बदलून दिला. भाड्याच्या गाडीत एवढीच मजल मारावी. मोजा, शोधा, अगदी अडलात तर नट आवळा, पण वायर कापणं किंवा मोठ्या अँपिअरचा फ्यूज घालणं कदापि नको. फ्यूज वारंवार उडत असेल तर तारेत कुठेतरी बिघाड आहे. मोठा फ्यूज घातलात तर पुढच्या वेळी तार पेटेल. आणि २३० व्होल्टच्या बाजूला तर हातच लावू नका.

फ्यूज ठीक निघाले तर

मग संशय रिलेवर. जुन्या पद्धतीच्या व्हॅनमध्ये व्होल्टेज बघून जोडणारा रिले असतो. पुढच्या बॅटरीवर साधारण १३.३ व्होल्ट आले की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो, १२.८ च्या खाली गेलं की तोडतो. इथे नव्या गाड्यांची एक खास अडचण आहे. त्यांचा स्मार्ट अल्टरनेटर इंधन वाचवायला पुढची बॅटरी भरली की व्होल्टेज १२.५ पर्यंत खाली आणतो. रिलेला वाटतं इंजिन बंद झालं, तो जोड तोडतो. गाडी धावतेय, मागची बॅटरी उपाशी. ओळखायची खूण अशी की इंजिन सुरू केल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं मागचा आकडा १४ दाखवतो आणि अर्ध्या तासाने थांबून, इंजिन चालूच ठेवून मोजलं तर १२.६ वर आलेला असतो. यावर उपाय म्हणजे डीसी-टू-डीसी चार्जर, तो पुढचं व्होल्टेज कमी असलं तरी वाढवून मागे देतो. तो बसवणं प्रवाशाच्या हातातलं नाही. पण स्वतःची व्हॅन असेल तर बॅटरी बदलण्याआधी यावर पैसे घाला. भाड्याची असेल तर कंपनीला नेमकं हे वाक्य सांगा: "इंजिन चालू असताना मागच्या बॅटरीवर इतके व्होल्ट आहेत." नुसतं "बॅटरी उतरते" म्हटलं की ते बॅटरीच बदलतात, आमच्यासारखी.

मागची तार नीट, चार्जिंग नीट, तरी पहाटे बोंब असेल तर बहुतेक वेळा चालवणंच कमी पडतं. शिशाची बॅटरी पहिले ८० टक्के पटकन घेते, शेवटचे २० टक्के तासन्‌तास रेंगाळत घेते. व्हाइट हॉर्स हिल ते टेकापो सव्वा तासाचं अंतर आहे. तेवढ्यात २५-३० अँपिअर-तास गेले तर खूप. रात्रीचा खर्च ४५. रोज १५ ची तूट पडली की तिसऱ्या रात्री पहाटे फ्रीज ओरडणारच. दक्षिण बेटावर एक तळं दिसलं की थांबावंसं वाटतं आणि थांबावंही, त्यासाठीच तर आलोय. फक्त दोन रात्री रानात काढल्यावर तिसरी पॉवर्ड साइटवर काढा आणि तिथे संध्याकाळी लवकर पोहोचा. निम्मी उतरलेली बॅटरी पूर्ण भरायला आठ-दहा तास जातात.

पॉवर्ड साइटवरही एक फसगत होते. निळा गोल प्लग जोडला, सॉकेटवर मोबाइल चार्ज होतोय, म्हणजे सगळं चालू असं वाटतं. पण बॅटरी चार्जरचं बटण किंवा एमसीबी वेगळा असू शकतो आणि तो आधीच्या कोणीतरी बंद केलेला असू शकतो. केबल जोडल्यावर मागच्या बॅटरीचं व्होल्टेज बघा. १३.५ च्या वर गेलं तरच चार्जर चालू आहे.

छतावर सोलर पॅनेल असेल तर एक गोष्ट आपल्या अंगवळणी नसते. तिथे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. उत्तरेकडे झाडं किंवा कडा असलेली जागा निवडलीत तर पॅनेलवर ऊन पडतच नाही, आणि एका कोपऱ्यावरची सावलीसुद्धा पॅनेलचं उत्पादन खूप पाडते. फिओर्डलँडच्या खोल दऱ्यांत आणि मिलफर्डच्या पावसात सोलर हिशेबातच धरू नका. वर्षाला सहा मीटरहून जास्त पाऊस पडतो तिथे.

त्या रात्री निभवायच्या कशा

पहाटे फ्रीज ओरडायला लागला तर तो सरळ बंद करा. दार उघडलं नाही तर आतला गारवा सकाळपर्यंत टिकतो, आणि बाहेर दंव असेल तर दुधाला काही होत नाही. इन्व्हर्टर बंद आहे ना ते बघा. हीटर चालू असेल तर तो त्याच्या बटणानेच बंद करा आणि पंखा थांबेपर्यंत मुख्य स्विच बंद करू नका. बंद केल्यावरही आतला तापलेला भाग गार करायला तो काही मिनिटं चालतो.

आणि हे अगदी मनापासून सांगते: हीटर बंद पडला म्हणून ऊब यायला गॅसची शेगडी पेटवून झोपू नका. बंद व्हॅनमध्ये कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो. अंगावर सगळे कपडे चढवा, गरम पाण्याची बाटली करून शेगडी बंद करा आणि खिडकी फटभर उघडी ठेवा. आम्ही तसंच केलं. दोन टोप्या, तीन जोड मोजे, एकच रजई.

आमचं पुढे काय झालं ते सांगते. होल्डर बदलल्यानंतरची रात्र मुद्दाम ते आनाउला वीज जोडून काढली, कारण खोलवर उतरलेली बॅटरी एकदा पूर्ण भरून घ्यावी लागते. तिथून वानाका, हास्ट खिंड करत पश्चिम किनाऱ्यावर गेलो. लेक पारिंगाच्या काठी, वीज नसलेल्या तळावर, सकाळी सहाला अंधारातच मोजलं: १२.५. दुसऱ्या दिवशी मपौरिका तळ्याकाठी १२.४. फ्रीजने रात्रभर हूं की चूं केलं नव्हतं. नवऱ्याने दोन्ही आकडे कागदावरच्या रकान्यात लिहिले आणि चहाचं आधण ठेवलं.

व्हॅन परत करताना तो कागद आम्ही काउंटरवर दिला. कोणत्या तारखेला, कुठे, किती व्होल्ट, कोणता फ्यूज, सगळं त्यात होतं. पुढच्या जोडप्याला ती व्हॅन मिळेल तेव्हा होल्डरचा नट पुन्हा एकदा तपासून द्या, एवढंच वर लिहिलं होतं.